नववा चमचा आणि उघडं दार

१

सोमवारी सकाळी एर्मेलिंदा बादली घेऊन आली, तर चमचासभेचं दार सताड उघडं. रात्रभराचा पाऊस उंबरा ओलांडून पार मधल्या मेजापर्यंत आलेला. मेजावरची काचेची घुमटी जमिनीवर ठेवलेली, तीही जपून, फुटू नये म्हणून खाली पायपुसणं सरकवून. आणि पांढऱ्या लोकरी कापडाच्या घडीत, जिथे शंभर वर्षं नववा चमचा निजलेला होता, तिथे काहीही नव्हतं.

तिथे काही दिसत तर आधीही नव्हतंच. पण एर्मेलिंदा एकतीस वर्षं ती खोली झाडत होती. काही न दिसणं आणि काही नसणं यातला फरक तिला नाही कळायचा तर कुणाला? तिने हंबरडाच फोडला.

केन्याव बेटावर चमचे आठाच्या जुडीने कोरतात. एका ओंडक्यातून आठ. आठवा घासूनपुसून खाली ठेवला की नववा आपोआप झालेला असतो. तो दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही. घरोघरी फडताळात आठ चमच्यांशेजारी एक जागा मोकळी सोडतात, ती त्याची. दूध कधीतरी उतू जाता जाता आपलं आपण खाली बसतं ना? तो ढवळून गेलेला असतो.

सभेतला चमचा बेटावरच्या पहिल्या घरातला; त्याच्या अभ्यासासाठीच ही सभा. त्याच्यावर आजवर सत्तेचाळीस निबंध निघाले आहेत. तिसऱ्या निबंधात त्याचं वजन आहे: शून्य. तीन वेगवेगळ्या काट्यांवर तीनशे वेळा तोललं, दरवेळी तंतोतंत शून्य. ‘इतकी अचूकता निसर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूत आढळलेली नाही,’ असा खाली शेरा आहे. अकराव्या निबंधात त्याची छायाचित्रं आहेत. सगळी सुरेख आली आहेत.

अकरा वाजता सभेची तातडीची बैठक भरली. अध्यक्ष बेनिग्नो ओयार्सुन म्हणजे गावचे जुने औषधवाले. चिटणीस फाउस्तिनाबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चमचा लाकडाचा, हे साहेबांचं मत. शिंगाचा, हे बाईंचं. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांशी फक्त निबंधांतून बोलत होते. त्या दिवशी मात्र समोरासमोर बोलावं लागलं.

“तो नाही, हे कशावरून?” बाई म्हणाल्या.

“तो आहे, हे ज्यावरून कळत होतं त्यावरूनच,” साहेब म्हणाले. चमचा गेल्याचा ठराव एकमताने पास झाला.

दुसरा ठराव एर्मेलिंदाचा. दार उघडं टाकणारी राखणदार सभेला नको. बुधवारी संध्याकाळच्या घंटेपर्यंत चमचा मिळाला तर ठीक. नाहीतर सभेच्या मागच्या बाजूची तिची खोली तिने रिकामी करायची. तिचं सगळं आयुष्य त्या एका खोलीत होतं.

“अहो, मी लावलं होतं दार!” एर्मेलिंदा कळवळून म्हणाली. “रविवारी दुपारी निळा रंग दिला, संध्याकाळी कुलूप घातलं, किल्ली वळचणीच्या खिळ्याला अडकवली. अजून तिथेच आहे बघा!”

“किल्ली तिथे आणि दार उघडं,” साहेब म्हणाले. “म्हणजे विसरलीस. वाऱ्याने नेला.”

“निबंध बाविसावा,” बाई पुटपुटल्या. “वाऱ्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही.”

“मग कुणी नेला?”



२

एर्मेलिंदा तडक धक्क्यावर आली. तिथे फेरीबोटीच्या तिकीटघराशेजारी एक खिडकी आहे, ‘हरवले-सापडले’ नावाची. खिडकीत ओतिलिया कार्कामो बसते. सहा वर्षांत तिने छत्र्यांपासून लग्नाच्या अंगठ्यांपर्यंत सगळं शोधून दिलंय. एकदा तर एकाला त्याची सासूही. पाठीला शालीत बांधलेला तिचा मुलगा आमारो, सात महिन्यांचा. एर्मेलिंदाने त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलेलं, त्यामुळे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. बहिणीहून जवळचं नातं ते.

“कोमाद्रे, मला घालवतायत गं!”

ओतिलियाने सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसायला फडकं दिलं आणि सवयीने छापील नमुना पुढे ओढला. वस्तू: चमचा. रंग? तिने पेन उचललं, पुन्हा ठेवलं. आकार? वजन?

“वजन शून्य,” एर्मेलिंदा नाक ओढत म्हणाली. “ते तरी नक्की आहे.”

खरं सांगायचं तर ओतिलियाला चमच्याचं काही नव्हतं. आईच्या फडताळात जागा सोडलेली असे, म्हणून तीही सोडते. पण येत्या रविवारी संत आंद्रेसचा सण. बेटावर जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या ओठांना त्या दिवशी आधी सभेचा चमचा लावतात, मग आठातल्या एकाने रश्श्याचा पहिला घास. यंदा आमारोची पाळी. तो तिच्या खांद्यावर लाळ गाळत होता, आणि तिने नमुना घडी करून शालीत खोचला.

तेवढ्यात बोटीवरच्या नव्या खलाशाने काउंटरवर एक काळी फेल्ट हॅट आपटली. पलीकडच्या किनाऱ्याचा पोरगा, बेटावरच्या कुणाला ओळखत नव्हता.

“पहाटेच्या फेरीतली. आणि बाई, मालक वेडा आहे हं. वाऱ्याने हॅट उडाली, डेकवर गरगरत त्याच्याच पायाशी येऊन थांबली. त्याने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे. पण पठ्ठ्या वाकला नाही! तसाच उतरून गेला.”

“दिसायला कसा?”

“गळपट्टा नाकापर्यंत. तिकीट मागितलं तर म्हणाला, कोटाच्या खिशात आहे, तूच काढ.”

ओतिलियाने हॅटला चिठ्ठी लावली, फळीवर ठेवली आणि कोमाद्रेबरोबर निघाली.

सभेच्या दारावरचा निळा रंग वाळला होता. कडेला, कमरेच्या जरा वर, एक वाटोळा डाग ओढल्यासारखा उमटला होता. खाली बुटाच्या चवड्याचा ठसा. मुठीच्या आसपास बोटांचं चिन्ह नाही. ओतिलिया बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली. कुठेतरी रोज बघितल्यासारखा वाटत होता.

३

मंगळवारी ती बेनिग्नोसाहेबांकडे गेली. साहेबांनी रीतीप्रमाणे कोरलेल्या वाळक्या भोपळ्यातला कढत काढा पुढे केला. त्या बेटावर वैरी आला तरी आधी काढा, मग भांडण. दोघांनी आळीपाळीने नळीने घुटके घेतले.

“मी कशाला चोरीन? दर सणाला मीच तर नेतो त्याला जत्रेत,” साहेब म्हणाले. “हा असा.” त्यांनी कोटाच्या वरच्या खिशावर थाप मारली. तिथे चष्मा होता आणि अर्धा मिल्काओ, बटाट्याची जाडसर भाकरी, कागदात गुंडाळलेला. “त्याला वजन नाही, कड नाही, तो पडू शकत नाही. हे सगळं सिद्ध झालंय. मग मिरवायचं कशाला? मी तर त्याला घेऊन नाचलोयसुद्धा.”

फाउस्तिनाबाईंनी तिला शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे काढ्याबरोबर “पाठीला पोक काढून बसू नकोस” हेही मिळालं.

“मला न्यायचाच असता तर अंबाड्यात खोचून नेला असता,” त्या म्हणाल्या. “एकदा नेलाही होता, शिंगाची परीक्षा करायला. बेनिग्नोला सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी परत ठेवला. शिंगाचाच आहे.”

“कशावरून, बाई?”

“लाकडाचा असता तर जाणवला असता.”

“आणि एवारिस्तोकाका? तेही सभासद ना?”

बाई खुसखुसल्या. एवारिस्तो सोतोमायोर म्हणजे वजनमापं तपासणारा निवृत्त अंमलदार. ती तीनशे वजनं त्यानेच केली होती; ठेवणं-उचलणं बेनिग्नोसाहेब करायचे, हा नुसता काटा वाचायचा. तीनशे शून्यं वाचून सभा म्हणाली, केवढी अचूकता! आणि एवारिस्तो म्हणाला, मंडळी, तिथे काही नाहीये. विद्वानांच्या सभेला एक विरोधक हवाच, म्हणून त्याला कायमचा विरोधी सभासद केलं. तेव्हापासून प्रत्येक बैठकीला त्याचं एकच पत्र येतं: ‘अस्तित्वात नसलेल्या विषयावरील चर्चेस मी उपस्थित राहू शकत नाही.’

“वीस वर्षं त्याने चमच्याला बोट लावलं नाही. तो काय चोरणार? ज्याच्या लेखी वस्तूच नाही ती?” बाई म्हणाल्या. मग आवाज जरा उतरला. “आणि हल्ली तो बिचारा वेगळ्याच काळजीत असेल. त्याची मुलगी आयदे पलीकडच्या शहरात बाळंत झाली म्हणे. सातव्याच महिन्यात.”

एवारिस्तोच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं, आत कुणी नव्हतं. शेजारीण म्हणाली, दोन दिवस धूर दिसला नाही.

४

बुधवारी दुपारच्या बोटीने तो परत आल्याचं कळलं. ओतिलियाने दार वाजवलं.

“उघडंच आहे. ढकला,” आतून आवाज आला.

एवारिस्तो मेजाशी बसला होता. ओला कोट अंगावरच, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दोन्ही हात मेजाखाली मांडीवर. चूल थंड. मेजावर मांजर आरामात पाव खात होतं आणि तो त्याला हाकलत नव्हता.

“काका, सभेचा चमचा गेलाय.”

“नसलेली वस्तू जाईल कशी?”

“तुम्ही कुठे होतात?”

“बाहेर.”

ती थांबली. आता तो उठेल, चूल फुंकेल, भोपळा पुढे करेल. तो हलला नाही. ओतिलिया जन्मात पहिल्यांदा या बेटावरच्या कुणाच्या घरातून काढ्यावाचून बाहेर पडली. अपमान वाटायला हवा होता, पण वाटली भीती. तो माणूस उद्धट नव्हता. तो कशाला तरी घाबरून बसला होता.

“दार ओढून घेऊ का?” तिने उंबऱ्यात विचारलं.

“नको,” तो घाईने म्हणाला. “उघडंच असू दे.”

घंटेला दोन तास उरले होते. एर्मेलिंदाने गाठोडी बांधायला घेतली असेल.

ओतिलिया घरी आली. एका हातावर झोपलेला आमारो, दुसऱ्यात मटणाच्या रश्श्याचं भांडं. तिने रोजच्यासारखं कोपराने दार लोटलं, चवड्याने धरलं, अंग आत घातलं. दार मागे उघडंच राहिलं. सासू आतून ओरडली, “दार लाव गं! सात महिने झाले सांगतेय!”

“हात मोकळे आहेत का माझे?” ती म्हणाली, आणि जागच्या जागी थिजली.

तिच्या स्वतःच्या दाराच्या कडेला, कमरेच्या जरा वर, तेलकट, वाटोळा डाग होता. खाली चवड्याचा ठसा. सात महिन्यांचा.

५

“कोमाद्रे, ऊठ. ते कापड घे, घडीचं. चल माझ्याबरोबर.”

“अगं पण काय झालं?” एर्मेलिंदा गाठोड्यावर बसून होती.

ओतिलिया चालता चालता बोलू लागली. आमारो पाठीवर जागा होऊन ऐकत होता.

“नेणारा कसा होता बघ. घुमटीखाली पायपुसणं सरकवलं. आत शिरायच्या आधीच किल्ली खिळ्याला परत लावून ठेवली, नंतर जमणार नाही हे ठाऊक असल्यासारखी. इतका नेटका माणूस भर पावसात दार उघडं टाकेल? विसरून नाही टाकलं. त्याचे हात मोकळे नव्हते. दोन्ही.”

“शून्य वजनाच्या चमच्याला दोन हात?”

“तेच तर! तू कसा उचलतेस गं, खालचं झाडताना?”

“मी? एप्रनच्या खिशात टाकते. कपड्यांचे चिमटे असतात त्यात.”

“साहेब मिल्काओबरोबर कोटात ठेवतात. बाई अंबाड्यात खोचतात. ज्यांना ज्यांना तो आहे याची खात्री, ते सगळे त्याला असंच वागवतात, घरच्या माणसासारखं. दोन्ही हातांच्या ओंजळीत कोण धरेल? ज्याने कधी धरलाच नाही तो. कुठली बाजू वर, दांडा कुठे, सांडेल का, पडेल का, ज्याला काहीच ठाऊक नाही. मी आमारोला पहिल्या दिवशी धरलं होतं ना, तसा. हॅट पायाशी आली तरी न वाकणारा. तिकीट स्वतःच्या खिशातून न काढणारा. पाहुण्याला काढा न देणारा.”

एर्मेलिंदा रस्त्यातच थांबली. “अगं बाई! पण तो तर—”

“हो. तोच.”

दार अजून उघडं होतं. एवारिस्तो तसाच बसला होता. आता त्याने हात लपवले नाहीत. ओंजळ मेजावर आली. रिकामी होती. पण मांजर तिच्यापासून वीतभर लांब सरकून बसलं होतं. कोटाच्या उजव्या कोपराला निळा रंग.

“काका,” ओतिलिया हळूच म्हणाली, “आयदेचं बाळ कसं आहे?”

त्याचा चेहरा लहान मुलासारखा मोडला.

“एवढीशी आहे,” तो म्हणाला. “माझ्या या ओंजळीत मावेल एवढी. गिळतच नव्हती. नळीने दूध घालायचे. आयदेने निरोप धाडला, बाबा, चमचा आणा. मी म्हटलं, पोरी, अगं तो नाहीये. ती म्हणाली, नसू दे. आणा. सभेत जाऊन मागणार कोणत्या तोंडाने? वीस वर्षं लिहिलंय मी. म्हणून रविवारी अंधारून आल्यावर गेलो. कापडाच्या घडीत हळूच ओंजळ घातली आणि उचललं. जे काय होतं ते.”

“मग?”

“मग तिच्या ओठांना लावलं. डॉक्टरीणबाई बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. मग आयदेने दुधाचा थेंब सोडला. गिळला, ओतिलिया. घसा हलला. मी बघितलं. मग अजून एक. काल दिवसभरात अकरा थेंब. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ आली की गिळतातच मुलं. असेल. मी मापं घेणारा माणूस आहे, मला वेळेचं मान्य आहे.”

“मग परत का नाही ठेवलात सरळ? इथे माझा जीव गेला की हो!” एर्मेलिंदा म्हणाली.

त्याला ते माहीतच नव्हतं. कळलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

“ठेवू कुठे, बाई? त्या घडीतून उचलला तेव्हा कुठे आहे ते ठाऊक होतं. मेजावर ठेवला तर पुन्हा उचलू कुठून? मला तो दिसत नाही, लागत नाही. एकदा खाली ठेवला की माझ्यापुरता गेलाच! तीन दिवस धरून बसलोय. इस्पितळात आयदेने मला भरवलं, बाळंतिणीने बापाला. नर्सला वाटलं, मी प्रार्थना करतोय.”

कुणी हसलं नाही. खरं तर हसण्यासारखं होतं. पण ती ओंजळ, गारठ्याने निळी पडलेली, कडांनी किंचित वर वळलेली, बघून ओतिलियाच्या अंगावर काटा आला. सत्तेचाळीस निबंधांत जे कुणी मांडलं नव्हतं ते त्या दोन हातांत होतं.

“उठा काका,” ती म्हणाली. “मी दारं उघडते.”

६

ती पुढे, पाठीवर आमारो. मागे एवारिस्तो, बोडका, ओंजळ छातीशी. शेवटी एर्मेलिंदा, कापड उराशी धरून. घंटा व्हायची होती.

चर्चच्या चढावर एका गाडीवानाने बैल आवरले. काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने नुसती ओंजळ बघितली आणि डोक्यावरची टोपी काढली. विणत बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. दरवर्षी हाच चमचा बेनिग्नोसाहेबांच्या खिशातून याच रस्त्याने जातो, तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. आज रस्ता आपोआप मधून मोकळा होत गेला, आणि ओतिलियाच्या लक्षात आलं, की आपणही पाऊल दबकून टाकतोय, झोपलेलं मूल असावं तसं.

सभेत साहेब आणि बाई घड्याळाकडे बघत बसले होते. एर्मेलिंदाने मेजावर कापड पसरलं, चार घड्या केल्या, मधे अंगठ्याने खळगा केला. एवारिस्तोने त्यात हात टेकवले आणि एकेक बोट करत बाजूला घेतले. घंटा वाजली.

“मी नेला होता,” तो म्हणाला. “दारही मीच उघडं टाकलं. हात मोकळे नव्हते. या बाईंचा काही दोष नाही.”

बेनिग्नोसाहेब सावकाश उठले. “म्हणजे एवारिस्तो, चमचा आहे!”

“ते मी म्हटलं नाही. मी म्हटलं, मी नेला होता.”

“तीन दिवस हातात होता तुमच्या!” फाउस्तिनाबाईंना राहवेना. “एवढा वेळ कुणीच धरला नाही त्याला. सांगा, लाकूड की शिंग?”

एवारिस्तोने खूप विचार केला. 

“उबदार होता,” तो म्हणाला. “ऊब माझ्याच हातांची असेल.”

साहेबांनी अठ्ठेचाळिसाव्या निबंधासाठी कागद पुढे ओढला, लेखणी उचलली, आणि काही न लिहिता खाली ठेवली. मग एर्मेलिंदाबद्दलचा ठराव घेतला आणि चार तुकडे केले.

एवारिस्तोचे हात अजून तसेच होते, मिटायला तयार नव्हते. एर्मेलिंदा मागच्या आपल्या खोलीत गेली, तिथल्या चुलीवरचा काढा भोपळ्यात ओतला आणि तो कढत भोपळा त्या ओंजळीत ठेवला. हळूहळू बोटं त्याच्याभोवती वळली.

ओतिलियाने शालीतून छापील नमुना काढला. तिच्या खिडकीच्या नियमात चोर हा रकानाच नाही. जो वस्तू आणून देतो, त्याला ती सापडली. ‘सापडले कोणास’: एवारिस्तो सोतोमायोर. ‘सोबत परत द्यावयाचे’: एक काळी हॅट. रंग, आकार तिने मोकळे सोडले.

वजनापाशी तिने शून्य लिहिलं. आमारोने मागून हात घालून तिची वेणी ओढली. तिने वळून बघितलं, मग मेजावरच्या त्या खळग्याकडे, मग शून्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: दोन्ही हात भरून.